कॉपरहेड रोड : एक अल्बम, तीन पिढ्या आणि डोंगरातले दोनशे वर्षांचे भांडण

१/२५
२०२३ साली अमेरिकेतील टेनेसी राज्याने एका गीताला आपल्या अधिकृत राज्यगीतांमध्ये स्थान दिले. या गीताचा नायक हातभट्टीवाल्याचा नातू आहे, दारूची चोरटी वाहतूक करणाऱ्याचा मुलगा आहे आणि स्वतः डोंगरात गांजा पिकवणारा, व्हिएतनाम युद्धावरून परतलेला सैनिक आहे. गीताच्या शेवटी तो सरकारी माणसांना आपल्या रस्त्यापासून दूर राहण्याची ताकीद देतो. राज्याने असे गीत आपले म्हणून का स्वीकारले असेल? त्याचे उत्तर शोधण्यासाठी आपल्याला १७९१ सालापर्यंत मागे जावे लागेल. धागा मोठा आहे, सवडीने वाचा.

२/२५
गीताचे नाव ‘कॉपरहेड रोड’. स्टीव्ह अर्ल या गायक-गीतकाराच्या ऑक्टोबर १९८८ मध्ये आलेल्या अल्बमचेही हेच नाव. अर्ल हा कंट्री संगीतातला. या अल्बममध्ये त्याने एक पाऊल रॉकमध्ये टाकले आणि दुसरे जुन्या लोकसंगीतात. संगीताच्या इतिहासात याची नोंद ‘शैलींचे मिश्रण’ एवढ्यावरच आटोपते. परंतु मला वाटते की हे मिश्रण केवळ चवीसाठी केलेले नव्हते. अर्लला जी गोष्ट सांगायची होती ती एका शैलीत मावणारी नव्हती. तिच्यातली आजोबांची, बापाची आणि मुलाची अमेरिका निरनिराळी होती, म्हणून त्यांचे नादही निरनिराळे आले.

३/२५
प्रथम गायकाविषयी. अर्लचा जन्म १७ जानेवारी १९५५ चा. बालपण टेक्सासमध्ये सॅन अँटोनिओच्या परिसरात गेले. शाळा अर्धवट सोडून तो गिटार घेऊन भटकू लागला आणि टाउन्स व्हॅन झँट या विलक्षण, पण स्वतःचीच राखरांगोळी करून घेणाऱ्या गीतकाराला त्याने गुरू मानले. १९७४ मध्ये तो नॅशव्हिलला आला. तिथे गाय क्लार्क या दुसऱ्या टेक्सासकर गीतकाराच्या साथीला तो बास गिटार वाजवू लागला. या दोन्ही गुरूंकडून तो एक गोष्ट शिकला : गीतात माणूस उभा राहिला पाहिजे आणि त्या माणसाला गाव, धंदा व भूतकाळ असला पाहिजे.

४/२५
नॅशव्हिल ही कंट्री संगीताची पेठ. १९५० च्या दशकाच्या अखेरीस तेथील निर्मात्यांनी एक ठोकळेबाज गोडवा तयार केला : फिडल आणि स्टील गिटार मागे सारायचे, व्हायोलिनांचा ताफा आणि मंद समूहस्वर पुढे आणायचे. शहरी मध्यमवर्गाला ते रुचले आणि विक्री वाढली. १९७० च्या दशकात वेलन जेनिंग्ज, विली नेल्सन यांनी या कारखान्याविरुद्ध बंड केले. त्यांना ‘आउटलॉ’ म्हणजे बंडखोर असेच नाव पडले. पण दशक संपता संपता त्या बंडाचाही बाजार झाला.

५/२५
१९८६ मध्ये नवी पिढी आली. रँडी ट्रॅव्हिस, ड्वाइट योकम आणि स्टीव्ह अर्ल यांचे पहिले मोठे अल्बम त्या एकाच वर्षात आले. अर्लचा ‘गिटार टाउन’ कंट्री अल्बमांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेला. कंपनीला आता तसाच आणखी माल हवा होता. अर्लला मात्र तो द्यायचा नव्हता. १९८७ च्या ‘एक्झिट झिरो’मध्येच विजेच्या गिटारचा आवाज चढू लागला होता आणि पुढच्या अल्बमसाठी तर त्याने शहरच बदलले.

६/२५
‘कॉपरहेड रोड’चे मुख्य ध्वनिमुद्रण नॅशव्हिलमध्ये नव्हे, मेम्फिसमध्ये आर्डेंट स्टुडिओत झाले. मेम्फिस हे एल्व्हिस प्रेस्लीचे आणि कृष्णवर्णीयांच्या सोल संगीताचे शहर. एक गीत तर थेट लंडनमध्ये ‘द पोग्ज’ या बँडच्या साथीने मुद्रित झाले. आयरिश लोकसंगीत पंक-रॉकच्या आवेशात वाजवणारा हा बँड होता. अल्बम प्रसिद्ध झाला तोही कंपनीच्या कंट्री विभागातर्फे नव्हे, तर ‘युनी’ या लेबलवर. मेम्फिसचा रॉक, लंडनमधले आयरिश लोकसंगीत आणि नॅशव्हिलची कंट्री असा हा त्रिकोण होता. गोष्ट मात्र या तिन्ही शहरांबाहेरची, पूर्व टेनेसीच्या डोंगरातली.

७/२५
गीतात जॉन्सन काउंटीचा उल्लेख येतो. नकाशात पाहा : टेनेसीच्या ईशान्य टोकाला, व्हर्जिनिया आणि नॉर्थ कॅरोलायना यांच्या बेचक्यात ती आहे. हा ॲपलॅचियन पर्वतरांगांचा मुलूख, अरुंद खोरी आणि उंच कडे यांचा. खोऱ्याला तिथले लोक ‘हॉलर’ म्हणतात. कॉपरहेड हा तिथे आढळणारा तांबूस रंगाचा विषारी साप. हातभट्टीचे भांडेही तांब्याचेच असे. एकाच नावात साप आणि तांबे दोन्ही आले, हे लक्षात ठेवा.

८/२५
या डोंगरात कोण राहत होते? आधी चेरोकी आणि इतर मूळ रहिवासी. त्यांच्या जमिनी करारांनी आणि बळाने हिरावल्या गेल्या आणि १८३८ मध्ये बहुसंख्य चेरोकींना सक्तीने पश्चिमेला हाकलण्यात आले. अठराव्या शतकात येथे आलेल्या गोऱ्या वसाहतकऱ्यांत एक मोठा गट अल्स्टरचा, म्हणजे उत्तर आयर्लंडमध्ये वसलेल्या स्कॉटिश वंशाच्या प्रेस्बिटेरियन लोकांचा होता. वाढते खंड आणि धार्मिक निर्बंध यांना कंटाळून ते समुद्र ओलांडून आले होते. जर्मन आणि इंग्रजही होते, गुलाम म्हणून आणलेले आफ्रिकीही होते. डोंगर कधीच ‘एकाच रक्ताचा’ नव्हता.

९/२५
अल्स्टरच्या लोकांनी दोन गोष्टी बरोबर आणल्या : धान्यापासून दारू गाळण्याची विद्या आणि कथागीतांची परंपरा. १९१६ ते १९१८ या काळात सेसिल शार्प हा इंग्रज संग्राहक मॉड कार्पेलीस या सहकारिणीसह याच डोंगरांत फिरला, तेव्हा इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये विसरली गेलेली अनेक कथागीते त्याला येथील झोपड्यांत जिवंत सापडली. आता अल्बमची सुरुवात ऐका. बॅगपाइपसारखा एक लांबट, अखंड स्वर येतो आणि त्यावर मँडोलिनची धून सुरू होते. तो स्वर कीबोर्डचा आहे. पण कान थेट अटलांटिकपलीकडे जातो.

१०/२५
आणि जॉन्सन काउंटी हा संगीताच्या इतिहासातला आडगाव नाही. तिचे मुख्य गाव माउंटन सिटी. १९२५ मध्ये तिथे भरलेले फिडलवादकांचे संमेलन आजही अभ्यासक आठवतात. तिथून जवळच, टेनेसी-व्हर्जिनियाच्या सीमेवर ब्रिस्टल आहे. १९२७ च्या उन्हाळ्यात राल्फ पीर हा व्हिक्टर कंपनीचा माणूस तिथे यंत्रे घेऊन उतरला आणि कार्टर कुटुंब व जिमी रॉजर्स यांची पहिली ध्वनिमुद्रणे त्याने केली. कंट्री संगीताच्या व्यवसायाचा जन्म अनेकजण तिथेच मानतात. म्हणजे अर्ल लोकसंगीतात ‘शिरला’ असे म्हणण्यापेक्षा तो कंट्रीच्या माहेरी गेला असे म्हणणे अधिक योग्य.

११/२५
आता भांडणाचे मूळ. स्वातंत्र्ययुद्धाचे कर्ज फेडण्यासाठी अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन याच्या आग्रहाने १७९१ मध्ये देशात गाळल्या जाणाऱ्या दारूवर अबकारी कर बसला. डोंगरी शेतकऱ्याच्या दृष्टीने हा कर चैनीवर नव्हता, पिकावर होता. मक्याची पोती खचखळग्यांच्या वाटेने बाजारात नेणे परवडत नसे. तोच मका दारू होऊन पिंपात शिरला की घोड्याच्या पाठीवरून जाई आणि कित्येकदा चलन म्हणूनही वापरला जाई. शिवाय मोठ्या कारखानदाराला दर गॅलनमागे पडणारा कर कमी आणि छोट्याला जास्त, अशी रचना होती.

१२/२५
पश्चिम पेनसिल्व्हेनियात बंड झाले. १७९४ मध्ये राष्ट्राध्यक्ष जॉर्ज वॉशिंग्टन याने सुमारे १३,००० शिबंदी उभी केली आणि काही अंतर स्वतः तिच्याबरोबर कूच केले. बंड विरले. देशद्रोहासाठी दोषी ठरलेल्या दोघांना पुढे माफी मिळाली आणि १८०२ मध्ये जेफर्सनच्या कारकिर्दीत तो कर रद्दही झाला. पण नव्या संघराज्याचे एक म्हणणे प्रस्थापित झाले : तुमच्या भट्टीपर्यंत येण्याचा आम्हाला अधिकार आहे. डोंगराला ते कधीच पुरते मान्य झाले नाही.

१३/२५
१८६२ मध्ये यादवी युद्धाच्या खर्चासाठी कर परत आला. गॅलनमागे २० सेंटपासून सुरू झालेला दर १८६५ च्या आरंभी २ डॉलरवर पोहोचला. या वेळी तो वसूल करणारे कायमचे खातेही उभे राहिले. त्याची माणसे म्हणजे ‘रेव्हेन्यू मॅन’. आणि रात्री चांदण्यात चोरून गाळली जाणारी दारू म्हणजे ‘मूनशाइन’. येथे एक विरोधाभास आहे. यादवी युद्धात पूर्व टेनेसीच्या बहुसंख्य मतदारांनी फुटून निघण्याच्या विरोधात कौल दिला होता. ज्या संघराज्याची त्यांनी बाजू घेतली, त्याच संघराज्याचा वसुली अधिकारी युद्धानंतर त्यांच्या खोऱ्यात चढू लागला.

१४/२५
गीतातले आजोबा या परंपरेतले. वर्षातून एखाद-दोनदाच गावात उतरणारे, यीस्ट आणि तांब्याची नळी घेऊन पुन्हा डोंगरात नाहीसे होणारे. त्यांना पकडायला एक रेव्हेन्यू मॅन खोऱ्यात शिरतो आणि परत येत नाही. त्याचे काय झाले हे गीत सांगत नाही, कथागीतांची जुनी रीतच ती. या काळाची पार्श्वभूमी दारूबंदीची : टेनेसीत ती १९०९ मध्येच आली, संपूर्ण देशात १७ जानेवारी १९२० रोजी लागू झाली. कायदेशीर दारू नाहीशी झाली की हातभट्टीचा भाव वाढतो, हे अर्थशास्त्र डोंगराला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

१५/२५
आता बाप. तो जुनी पोलिसी डॉज गाडी लिलावात घेतो, तिचे इंजिन खोलून ताकद वाढवतो आणि दर आठवड्याला नॉक्सव्हिलला माल पोहोचवतो. इतिहासप्रेमींनी येथे थबकावे. गीतात गाडीला ‘बिग ब्लॉक’ इंजिन आहे. डॉजची ही इंजिने १९५८ च्या सुमारास आली. म्हणजे बापाचा धंदा १९५० च्या दशकाच्या अखेरचा किंवा नंतरचा. पण राष्ट्रीय दारूबंदी तर ५ डिसेंबर १९३३ रोजीच उठली होती! मग चोरटी वाहतूक कशासाठी? अर्लची चूक झाली काय?

१६/२५
चूक नाही. टेनेसीने राज्याची बंदी १९३९ मध्ये सैल केली, तीही निर्णय काउंट्यांवर सोपवून. अनेक काउंट्या कोरड्याच राहिल्या. ‘जॅक डॅनियल्स’ जिथे तयार होते ती मूर काउंटीसुद्धा त्यांपैकी एक. शिवाय १९५१ पासून केंद्राचा अबकारी कर दर प्रूफ गॅलनमागे १०.५० डॉलर झाला होता. कर चुकवलेली दारू एवढ्या फरकाने स्वस्त पडत असेल, तर गिऱ्हाईक मिळणारच. रॉबर्ट मिचमचा ‘थंडर रोड’ हा दारू-वाहतुकीवरचा गाजलेला चित्रपटही १९५८ चाच आहे.

१७/२५
या बापाचा खराखुरा भाऊबंद म्हणजे नॉर्थ कॅरोलायनाच्या विल्क्स काउंटीतला ज्युनियर जॉन्सन. बापाची दारू वाहता वाहता तो अव्वल चालक झाला. १९५६ मध्ये बापाच्या भट्टीवर पकडला गेला, सुमारे अकरा महिने तुरुंगात राहिला आणि १९६० मध्ये ‘डेटोना ५००’ ही शर्यत जिंकला. ‘नॅसकार’ हा आज अब्जावधींचा असलेला शर्यतींचा व्यवसाय १९४८ मध्ये उभा राहिला, तेव्हा त्याच्या पहिल्या फळीत असे अनेक चालक होते. डिसेंबर १९८६ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी जॉन्सनला माफी दिली. कालचा गुन्हेगार आजचा वारसा होतो, याचे हे पहिले उदाहरण. दुसरे शेवटी येईल.

१८/२५
गीतातला बाप मात्र शर्यत जिंकत नाही. एका रात्री शेरीफ दारात येतो, आई रडू लागते, रस्त्यावर दारू जळाल्याचा वास येतो. आणि नेमके येथे, इतका वेळ मँडोलिनच्या आधाराने चाललेल्या गीतात ड्रम्स आणि विजेच्या गिटारी कोसळतात. लोकगीताचे रॉकगीत होते. बापाच्या मृत्यूबरोबर जुना डोंगर संपतो आणि पुढच्या कडव्यात मुलगा सैन्यात दाखल होतो. शैलीतला बदल आणि इतिहासातला बदल एकाच क्षणी होतो. या अल्बममध्ये रॉक कशासाठी आहे, याचे उत्तर मला या एका जागी मिळते.

१९/२५
मुलगा स्वतःहून नाव नोंदवतो. कारण त्याला ठाऊक आहे की गरीब गोऱ्यांना तसेही आधी उचलतात. हे किती खरे? ऑगस्ट १९६४ ते १९७३ या काळात सक्तीच्या भरतीने १८ लाखांहून अधिक तरुण सैन्यात गेले. महाविद्यालयात असणाऱ्यांना बराच काळ सवलत होती आणि महाविद्यालय कोणाला परवडत होते, हे उघड आहे. बोलावणे येणारच म्हणून अनेकांनी आधीच ‘स्वेच्छेने’ नाव घातले. इतिहासकार ख्रिश्चन ॲपी याने १९९३ च्या आपल्या ग्रंथात अंदाज मांडला की व्हिएतनाममध्ये गेलेल्या साध्या शिपायांपैकी सुमारे ८० टक्के कामगार वा गरीब घरांतले होते. त्यांत गोरे होते, कृष्णवर्णीय होते, लॅटिनो होते.

२०/२५
त्यात भर ‘प्रोजेक्ट १,००,०००’ची. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा याच्या या १९६६ च्या योजनेने भरतीच्या चाचणीत पूर्वी नापास ठरले असते अशा सुमारे साडेतीन लाख तरुणांना सैन्याचे दार उघडले. गरिबीतून वर काढण्याची भाषा होती, पण त्यांतले पुष्कळजण पायदळात लढाईवर गेले. टेनेसीला अभिमानाने ‘व्हॉलंटियर स्टेट’ म्हणतात. १८१२ च्या आणि १८४६ च्या युद्धांतल्या स्वयंसेवकांमुळे ते नाव रूढ झाले. गीतातल्या मुलाचे ‘स्वेच्छेने जाणे’ या बिरुदाशेजारी ठेवून पाहा. स्वेच्छा या शब्दाचा अर्थ पालटतो.

२१/२५
अर्ल स्वतः मात्र व्हिएतनामला गेला नाही. १७ जानेवारी १९७३ रोजी तो अठरा वर्षांचा झाला आणि अवघ्या दहा दिवसांनी, २७ जानेवारीला, पॅरिसमध्ये शांतता करार झाला व सक्तीची भरती थांबल्याची घोषणा झाली. थोडे आधी जन्मलेल्या त्याच्यासारख्याच मुलांपैकी कित्येकजण परतले नाहीत. वॉशिंग्टनमधील स्मारकाच्या काळ्या भिंतीवर आज ५८,००० हून अधिक नावे आहेत. दहा दिवसांनी वाचलेल्या पिढीतल्या माणसाने न वाचलेल्या थोरल्या भावाची गोष्ट सांगावी, असे या गीताचे नाते आहे.

२२/२५
मुलगा दोनदा युद्धावर जाऊन परततो. आजोबांच्या जमिनीत तो आता गांजा लावतो. डोक्यावर हेलिकॉप्टर घिरट्या घालते आणि तो किंचाळत उठतो, क्षणभर त्याला वाटते की आपण अजून तिकडेच आहोत. हेही कल्पनेचे नव्हे. युद्धानंतरच्या मानसिक आघाताला अमेरिकेच्या मनोविकार वर्गीकरणात ‘पीटीएसडी’ हे नाव १९८० मध्ये मिळाले, आणि १९७३ मध्ये स्थापन झालेल्या ‘डीईए’ या अमली पदार्थविरोधी संस्थेची गांजा-निर्मूलन मोहीम १९८५ पर्यंत सर्व ५० राज्यांत पोहोचली. रेव्हेन्यू मॅन घोड्यावरून यायचा, त्याचा वारस आकाशातून आला. आणि बचावाचे डावपेच नातू शिकून आला तो सरकारने ज्याच्याशी लढायला पाठवले त्या शत्रूकडून.

२३/२५
पोग्जबरोबरचे ‘जॉनी कम लेटली’ हे गीत याच जखमेची दुसरी बाजू. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकी वैमानिक लंडनमध्ये प्रेमात पडतो आणि विजयी होऊन परततो. तीच कहाणी ऐकत वाढलेला नातू व्हिएतनामहून परततो, तेव्हा स्वागताला कोणीच नसते. वाद्यमेळ मात्र जत्रेतल्यासारखा उसळता, म्हणून शेवट अधिक बोचतो. ‘द डेव्हिल्स राइट हँड’ पिस्तुलाच्या मोहावर आहे, वेलन जेनिंग्जने ते १९८६ मध्येच गायले होते. ‘स्नेक ऑइल’ भूलथापा विकणाऱ्यांवर, ‘बॅक टु द वॉल’ रस्त्यावर आलेल्यांवर. दुसऱ्या बाजूची गीते बहुतांशी प्रेमाची आहेत. ती वाईट नाहीत, पण या अल्बमचे नाव टिकले ते पहिल्या बाजूमुळे.

२४/२५
परिणाम काय झाला? शीर्षकगीत रॉक केंद्रांवर वाजले आणि त्या यादीत दहाव्या क्रमांकापर्यंत गेले. अल्बम सर्वसाधारण यादीत ५६ व्या क्रमांकावर पोहोचला. त्यानंतर अर्ल व्यसनात बुडाला, १९९४ मध्ये तुरुंगातही गेला. सुटल्यावर १९९५ मध्ये त्याने ‘ट्रेन अ कमिन’ हा विजेशिवायच्या वाद्यांचा अल्बम केला आणि १९९९ मध्ये डेल मॅककूरी बँडसह ‘द माउंटन’ हा निखळ ब्लूग्रास अल्बम. १९८८ मध्ये ज्या लोकसंगीताचे दार त्याने किलकिले केले होते, त्यातून तो अखेर आत गेला. एक उणीवही नोंदवू : या डोंगरकथेत स्त्री फक्त रडताना दिसते आणि चेरोकी व कृष्णवर्णीय डोंगरवासी दिसतच नाहीत. गीत हे इतिहासाचे साधन आहे, पण एका घराच्या खिडकीतून दिसणारे.

२५/२५
आता पहिल्या प्रश्नाकडे. १९८४ मध्ये स्प्रिंगस्टीनचे ‘बॉर्न इन द यूएसए’ आले. तेही व्हिएतनामहून परतलेल्या उपेक्षित सैनिकाचे. अनेकांनी ते देशगौरवाचे गीत म्हणून डोक्यावर घेतले. ‘कॉपरहेड रोड’चेही काहीसे तसेच झाले. नृत्यगृहांत लोक त्यावर रांगेने पावले टाकतात आणि शेवटी राज्याने ते आपले केले. हा अर्थाचा विपर्यास आहे असे म्हणता येईल. पण दुसरे वाचनही संभवते : टेनेसीच्या कित्येक घरांत असा आजोबा, असा बाप आणि असा मुलगा होता, आणि त्यांना त्यांची गोष्ट सरकारी इतिहासात नव्हे तर या गीतात सापडली. ज्यांच्याकडून कर घेतला, दारू जप्त केली, मुलगे घेतले, त्यांचे गीत राज्याने स्वीकारले. गीत स्वीकारणे सोपे असते. त्या मुलाला घरी परतल्यावर काय मिळाले, हा हिशेब अजून बाकी आहे. अल्बम ऐकणार असाल तर पहिली बाजू क्रमाने ऐका आणि ड्रम्स नेमके केव्हा सुरू होतात, तिकडे कान असू द्या.

धागा समाप्त.